चिठ्ठीवरच्या दुसऱ्या औषधाबद्दल: रजोनिवृत्तीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

पाळी जाण्याच्या वयातली बाई तुमच्यासमोर बसते. रात्री घामाने भिजून जाग येते, झोप लागत नाही, उगाच चिडचिड होते, असं सांगते. बहुतेक वेळा तिला दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर "हार्मोन नकोत, कॅन्सरचा धोका असतो", नाहीतर "हार्मोन सुरू करू, बरं वाटेल". ही दोन्ही उत्तरं देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि दोघांच्याही मनात असतं ते इस्ट्रोजेन हे हार्मोन. त्याच्या जोडीला द्यायचं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत उतरतं आणि तिथेच राहतं. ते कशासाठी आहे, त्याचे प्रकार कोणते, दिवसातून कधी घ्यायचं, सोडलं तर काय होईल, यावर चकार शब्द निघत नाही. हे पत्र त्या दुसऱ्या ओळीबद्दल आहे. या उपचाराच्या धोक्यांचा मोठा भाग तिथे काय लिहिलंय यावर ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

मी डॉक्टर नाही. हा उपचार मी स्वतः घेते आणि घेण्याआधी जे जे समजून घेता आलं ते घेतलं. माझं नशीब चांगलं, की मला भेटलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल देताना चिठ्ठीच्याच मागच्या बाजूला पेनने गर्भाशय काढलं, आतल्या कडेने एक जाड रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हे अस्तर. जेल याला वाढवतं, कॅप्सूल याला आवरते. म्हणून दोन्ही." याला एक मिनिटही लागलं नाही. माझ्या वहिनींना हे एक मिनिट मिळालं नाही.

वहिनींची पाळी जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती. अंगातून गरम वाफा इतक्या यायच्या की भर मीटिंगमध्ये मान आणि पाठ ओली व्हायची. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल दिलं आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. कॅप्सूलपुढे लिहिलं होतं: रोज एक. जेलने थोड्याच आठवड्यांत चमत्कार वाटावा इतका फरक पडला. कॅप्सूल त्या सकाळी नाश्त्यानंतर घ्यायच्या आणि तासाभरात डोकं जड, गरगरल्यासारखं, कामावर डोळे मिटायला लागायचे. ज्या औषधाने बरं वाटतं ते त्यांनी ठेवलं, ज्याने त्रास होतो ते बंद केलं. काहीच माहीत नसलेला कुठलाही समंजस माणूस हेच करेल. काही महिन्यांनी रक्त दिसलं. सोनोग्राफीत अस्तर जाड आलं, बायोप्सीत हायपरप्लेसिया, म्हणजे पेशींची अति वाढ, निघाला. कॅन्सर नव्हता, उपचारांनी अस्तर पूर्ववत झालं, पण रिपोर्ट येईपर्यंत घरातलं कुणी नीट जेवलं नाही. आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कॅप्सूल कुणाला विचारून बंद केलीत?" मला तो प्रश्न आजही खटकतो. ती कशासाठी दिली आहे हे वहिनींना कुणी सांगितलं होतं का, हे आधी विचारायला हवं होतं.

यातलं काहीच तुम्हाला नवीन नाही. गर्भाशय असलेल्या बाईला एकटं इस्ट्रोजेन देऊ नये, हे वैद्यकशास्त्राने फार महागात शिकलेलं आहे. 1975 साली अमेरिकेत दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि त्यांत एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी पटींनी जास्त दिसला. पुढे नव्वदच्या दशकात पेपी नावाच्या चाचणीत 875 बायकांना तीन वर्षं वेगवेगळे उपचार देऊन पाहिले. एकटं इस्ट्रोजेन मिळालेल्या आणि गर्भाशय असलेल्या बायकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींच्या अस्तरात कॅन्सरकडे झुकू शकणारे बदल झाले. ज्यांना जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्या गटातलं औषध होतं, त्यांचं अस्तर औषध नसलेली साधी गोळी घेणाऱ्या गटासारखंच राहिलं. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. ज्या औषधाच्या बाजूने असा पुरावा आहे, त्याबद्दल रुग्णाला एक वाक्य न सांगणं मला समजत नाही.

आता भीतीकडे येते. हार्मोन म्हटलं की तुमच्या आणि आमच्या मनात जी धास्ती उभी राहते, तिचा उगम 2002 च्या जुलैमध्ये आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग तेव्हा मुदतीआधी थांबवला गेला. गर्भाशय असलेल्या 16,608 बायका त्यात होत्या, वय 50 ते 79, सरासरी 63. बातम्यांत आलं की स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढतो. हा आकडा खरा आहे. पण तोच निष्कर्ष असाही मांडता येतो: दर वर्षी 10,000 बायकांमागे औषध न घेणाऱ्यांत 30 जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांत 38 जणींना. पक्षाघात 21 वरून 29 वर गेला. रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त झालं, 16 वरून 34. खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र 15 वरून 10 वर आलं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सरही कमी दिसला. धोका आहेच, मी तो लपवत नाहीये. पण दहा हजारांत आठ जास्त, हे ऐकून एखादी बाई स्वतःच्या त्रासाशी ताडून निर्णय घेऊ शकते. नुसतं "26 टक्के" ऐकलं की ती उठून घरी जाते. पुढे कित्येक वर्षं ती रात्री भिजत काढते. या वाफा आणि घाम सरासरी सात वर्षांच्या वर चालतात, असं अमेरिकेतच झालेल्या दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं आहे. सात वर्षांची मोडकी झोप म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांनी सोसलं असेल त्यांना सांगायला नको.

त्या अभ्यासातल्या बायकांना नेमकं काय दिलं होतं, याकडे कुणी बघत नाही, आणि माझा मुद्दा इथेच आहे. त्यांना गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेली इस्ट्रोजेनं तोंडाने दिली होती, आणि जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ऍसिटेट हे कृत्रिम औषध. शरीरात तयार होतं ते प्रोजेस्टेरॉन त्यात नव्हतं. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग गर्भाशय काढलेल्या 10,739 बायकांचा होता. त्यांना दुसरं औषध लागतच नव्हतं, म्हणून फक्त तीच इस्ट्रोजेनं दिली. त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढलेलाच दिसला, पण स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट कमी भरला. वीस वर्षांच्या पाठपुराव्यातही हा फरक टिकला. म्हणजे पहिल्या गटात स्तनाच्या कॅन्सरचं पारडं जड करण्यात जोडीच्या औषधाचा हात होता, असं मानायला भक्कम जागा आहे. मग ज्या औषधावर हा संशय आहे ते, आणि बाजारात त्याच कामासाठी मिळणारी बाकी चार-पाच औषधं, यांना एकाच मापाने मोजणं कितपत बरोबर आहे?

फ्रान्समध्ये 80,000 हून अधिक बायकांना वर्षानुवर्षं जोखणारा एक अभ्यास आहे. तिथे मायक्रोनाइज्ड, म्हणजे बारीक कणांत आणलेलं, शरीरातल्यासारखंच प्रोजेस्टेरॉन 1980 पासून वापरात असल्यामुळे तुलना शक्य झाली. 2008 च्या निष्कर्षांत इस्ट्रोजेनसोबत हे प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला नाही. इतर कृत्रिम प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी औषधं, घेणाऱ्यांमध्ये तो सुमारे 69 टक्क्यांनी जास्त होता. याच गटातलं डायड्रोजेस्टेरॉन यांच्या मध्ये कुठेतरी बसलं. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, कोण काय घेतं याचं निरीक्षण होतं, त्यामुळे यातून "पूर्ण सुरक्षित" असा शिक्का मारता येणार नाही. त्याच बायकांच्या पुढच्या पाठपुराव्यात पाच वर्षांपेक्षा जास्त काळ घेणाऱ्यांत थोडी वाढ दिसलीच. 2019 साली जगभरची आकडेवारी एकत्र करून निघालेला निष्कर्षही डोळ्यांसमोर ठेवायला हवा: पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही औषधं घेतलेल्या साधारण 50 बायकांमागे एकीला पुढच्या वीस वर्षांत एरवी झाला नसता असा स्तनाचा कॅन्सर होतो. दुसरं औषध महिन्यातले काही दिवसच घेतलं तर 70 मागे एक, एकट्या इस्ट्रोजेनला 200 मागे एक. या बायकांपैकी बहुतेक जणी जुनी कृत्रिम औषधं घेत होत्या. हे सगळं समोर ठेवून मला वाटतं, की चिठ्ठीवर प्रकार लिहिताना तुमचा हात थांबायला हवा आणि तो प्रकार का निवडला हे आम्हाला सांगायला हवं. एवढी अपेक्षा जास्त नाही.

गुठळ्यांच्या बाबतीतही असंच. फ्रान्समधल्याच एका अभ्यासात तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये शिरांत गुठळ्या होण्याचा धोका चौपटीच्या आसपास होता, पॅच किंवा जेल वापरणाऱ्यांत तो वाढलाच नाही. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉननेही वाढला नाही, काही कृत्रिम प्रोजेस्टोजेनने मात्र वाढला. वजन जास्त असलेल्या किंवा घराण्यात गुठळ्यांचा इतिहास असलेल्या बाईसाठी हा फरक किती मोठा आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आता कॅप्सूल कधी घ्यायची ते. तोंडाने घेतलेलं प्रोजेस्टेरॉन यकृतातून जाताना त्याचं ऍलोप्रेग्नॅनोलोन होतं. हे द्रव्य मेंदूतल्या ज्या ठिकाणी झोपेच्या गोळ्या काम करतात तिथेच काम करतं. म्हणून गुंगी येते. पोटभर खाल्ल्यावर कॅप्सूल जास्त शोषली जाते, म्हणजे गुंगीही जास्त. वहिनींना नाश्त्यानंतर जे गरगरायचं ते औषधाचं ठरलेलं काम होतं, फक्त चुकीच्या वेळी. तीच कॅप्सूल रात्री झोपताना घेतली असती तर कदाचित त्यांना ती आवडलीही असती. मला आवडते. रजोनिवृत्तीतली झोप ज्यांची गेली आहे त्यांच्यासाठी हा या औषधाचा दुष्परिणाम म्हणायचा की वरदान, हे घेण्याच्या वेळेवर आहे. चिठ्ठीवर "रात्री झोपताना" हे शब्द लिहायला किती शाई लागते?

सगळ्यांना ते मानवतं असं मात्र नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ज्यांना फार उदास वाटायचं, रडू यायचं, त्यांच्यापैकी काहींना प्रोजेस्टेरॉनने तसंच होतं. स्तन दुखतात, पोट फुगतं. या बायकांना "सवय होईल" म्हणून परत पाठवू नका. त्या परत येत नाहीत, घरी जाऊन गुपचूप औषध सोडतात, आणि जेल चालूच ठेवतात. प्रकार बदलता येतो, रोजच्याऐवजी महिन्यातून 12 ते 14 दिवस देता येतं, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे याच गटातलं औषध सोडणारी लूप गर्भाशयात बसवली की तोंडाने काहीच घ्यावं लागत नाही आणि अस्तराचं रक्षण काही वर्षं होतं. पर्याय आहेत, ते आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला बोचते. इस्ट्रोजेन कमी पडलं की तुम्ही ते वाढवता, एका पंपाचे दोन, दोनाचे तीन. तेव्हा दुसऱ्या ओळीकडे पुन्हा पाहता का? रोज 100 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या डोसाला पुरतं, वाढवलेल्या इस्ट्रोजेनला ते पुरेलच असं नाही. कॅप्सूलमध्ये काही वेळा शेंगदाण्याचं तेल असतं, हेही विचारलं जावं. शेंगदाण्याची ऍलर्जी असलेल्या बाईसाठी तो तपशील क्षुल्लक नाही.

ज्यांना इस्ट्रोजेन देताच येत नाही किंवा ज्यांना ते नकोच आहे, त्यांच्याशीही बोला. कॅनडात डॉ. जेरिलिन प्रायर यांच्या गटाने पाळी गेलेल्या 133 निरोगी बायकांना 12 आठवडे रात्री 300 मिलिग्रॅम एकटं प्रोजेस्टेरॉन किंवा तशीच दिसणारी साधी कॅप्सूल दिली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रोजेस्टेरॉनने वाफा आणि घाम साध्या कॅप्सूलपेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाले. चाचणी लहान आहे आणि थोड्या काळाची आहे. ज्यांची पाळी अजून सुरू आहे पण मागेपुढे होते अशा बायकांवर केलेल्या नंतरच्या चाचणीत तितका ठाम फरक दिसला नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला हा मार्ग देऊ नये, तिच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत. पण इस्ट्रोजेन ही एकमेव वाट आहे, ती बंद झाली की सहन करा, असं सांगितलं जातं ते खरं नाही.

तुम्ही बोलत नाही तेव्हा ती जागा दुसरं कुणीतरी भरतं. "नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन" म्हणून अंगाला चोळायची क्रीम विकली जातात, रानटी सुरणासारख्या कंदाचा अर्क विकला जातो. कंदातल्या डायोसजेनिन या द्रव्यापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनतं हे खरं, रसेल मार्कर यांनी चाळीसच्या दशकात मेक्सिकोत ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. पण माणसाच्या शरीरात ते रूपांतर होत नाही. आणि त्वचेला लावलेल्या क्रीममधून अस्तराचं रक्षण होण्याइतकं प्रोजेस्टेरॉन रक्तात पोहोचतं यावर विसंबता येत नाही. इस्ट्रोजेनचा पॅच आणि जोडीला असं क्रीम, या भरवशावर असलेल्या बायका आहेत. त्यांना थांबवायचं काम तुमचं आहे, कारण क्रीमच्या डबीवर हे लिहिलेलं नसतं.

काही ठिकाणी उलटी चूक होते, तीही सांगते. गर्भाशय काढलेल्या बाईला सहसा प्रोजेस्टेरॉनची गरज नसते. एंडोमेट्रिओसिससारखं (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) कारण असेल तर वेगळी गोष्ट. योनीच्या कोरडेपणासाठी, वारंवार होणाऱ्या लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कमी डोसाचं इस्ट्रोजेन फक्त तिथेच लावलं जातं तेव्हाही दुसरं औषध लागत नाही. ते रक्तात अगदी नाममात्र जातं. तरीही पाकिटावरचा इशारा वाचून कितीजणी ते न वापरता कपाटात ठेवून देतात! इतक्या साध्या उपायाविना साठी-सत्तरीतल्या बायका जळजळ सोसत राहतात आणि लाजेने बोलतही नाहीत. तुम्ही विचारलंत तर बोलतील.

वयाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 2002 च्या अभ्यासातली सरासरी बाई पाळी जाऊन दशक उलटलेली होती. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायद्याचं पारडं जड असतं, हे आता बहुतेक मार्गदर्शक सूचना मान्य करतात. 65 नंतर नव्याने सुरू केलं तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढल्याचं त्याच अभ्यासाच्या एका शाखेत दिसलं होतं. आणि ज्यांची पाळी चाळिशीच्या आत जाते त्यांची गोष्ट पूर्ण निराळी. त्यांच्या शरीरात जे असायला हवं होतं ते लवकर संपलं आहे. हाडं आणि हृदय सांभाळायला निदान नेहमीच्या वयापर्यंत तरी त्यांना उपचार मिळायला हवा. पस्तिशीच्या मुलीला साठीच्या बायकांचे आकडे दाखवून घाबरवू नका.

माझी मागणी अशी आहे. चिठ्ठीवर प्रोजेस्टेरॉनचा प्रकार, डोस आणि वेळ पूर्ण लिहा. ते कशासाठी आहे हे एका वाक्यात तिथेच लिहा, कारण तुमच्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. रोज घ्यायचं असेल तर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग दिसू शकतात आणि त्यानंतर दिसले तर तपासायलाच हवं, हे आधी सांगा. महिन्यातले काही दिवस घ्यायचं असेल तर ते थांबवल्यावर पाळीसारखं रक्त येईल हेही सांगा, नाहीतर बाई घाबरून दोन्ही औषधं फेकून देते. वर्षातून एकदा बोलवा, रक्तदाब घ्या, मॅमोग्राम झाली का विचारा, उपचार अजून हवा का हे तिच्याबरोबर बसून ठरवा.

आणि नव्या रुग्णांच्या आधी जुन्यांकडे बघा. तुमच्या नोंदींत गर्भाशय असलेल्या आणि इस्ट्रोजेन चालू असलेल्या बायका आहेतच. पुढच्या खेपेला त्या आल्या की "काही त्रास नाही ना?" एवढ्यावर थांबू नका. दुसरं औषध अजून घेता का, कोणतं, दिवसातून केव्हा, किती दिवस चुकतं, हे नाव घेऊन विचारा. कुणी "ते मी कधीच सोडलं" म्हणाली तर रागावू नका. का सोडलं ते ऐकून घ्या आणि त्याच दिवशी तिची सोनोग्राफी लिहून द्या.

आपली,
हा उपचार घेणारी एक रुग्ण